पेटीची मूळ मालकीण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय आहे दागिने ठेवायची जुनी लाकडी पेटी, आणि ती जिची होती ती बाई. पेटीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असतं. लाकूड, पितळ, कोरीवकाम, चोरकप्पा. बाईबद्दल मात्र बहुतेक घरांत एवढंच ऐकायला मिळतं की, ‘ती आमच्या पणजीची.’ पणजीचं नाव काय, असं विचारलं की पुढचं वाक्य येत नाही.

आधी पेटीकडे पाहू. जुन्या मराठी घरांतून बायकांच्या दोन पेट्या असत. एक रोजच्या वापरातली, फणी-करंड्याची. तिच्यात लाकडी किंवा शिंगाची फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि झाकणाच्या आत बसवलेला आरसा. कुंकू नुसतं कपाळावर टिकत नाही. म्हणून आधी बोटाने मेण लावायचं, ते गोल पुसून घ्यायचं आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवायचं. टिकल्यांची पाकिटं आली आणि ही मेणाची डबी घरातून गेली. पुष्कळ जणींना आज ती पेटी उघडून दाखवली तर तो छोटा कप्पा कशासाठी होता हे ओळखता येणार नाही.

दुसरी पेटी दागिन्यांची. ती बहुधा सागवानी, क्वचित शिसवी. मराठवाड्याला सागवान परकं नव्हतं. किनवट-माहूरकडचं जंगल जवळच होतं. पेटी साधारण हातभर लांब, वीतभर उंच. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, दोन बाजूंना कड्या, समोर कोयंडा आणि कुलूप. आत वर उचलून काढता येणारा कप्प्यांचा ताट, त्याखाली मोकळी जागा, आणि बनवणारा सुतार हुशार असला तर तळाशी किंवा मागच्या भिंतीत चोरकप्पा. एखादी फळी एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने सुटते, एवढंच त्याचं रहस्य. पण घरातल्या एकाच माणसाला ते माहीत असे, आणि ते माणूस म्हणजे पेटीची मालकीण.

पेटी किती जुनी आहे हे बघायचं असेल तर नक्षी बघू नये, सांधे बघावेत. जुन्या कामात दोन फळ्यांचे दात कापून ते एकमेकांत गुंतवलेले असतात आणि दोन दात सहसा अगदी सारखे नसतात, कारण ते हाताने कापलेले असतात. खिळे लोहाराने ठोकलेले, चौकोनी अंगाचे. पुढे टोक असलेले, यंत्रावर केलेले एकसारखे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. बिजागरीला तसे स्क्रू असतील तर एक तर पेटी त्यानंतरची, नाही तर बिजागरी बदललेली. तळाची बाजू आणि आतलं लाकूड कोणी पॉलिश करत नाही. म्हणून खरं वय तिथे दिसतं.

अशा वस्तूंना मान मिळवून देणारं नाव म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. १८९६ साली जन्मलेला हा माणूस ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत असे. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं. राजा-महाराजांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ होते. केळकरांनी अडकित्ते जमवले, दिवे जमवले, विळ्या जमवल्या, दौती जमवल्या, कुलपं आणि बायकांच्या पेट्या जमवल्या. वीस हजारांच्या वर वस्तू. १९९० साली ते गेले, पण त्यांनी लावलेली दृष्टी राहिली. घरातल्या बाईच्या हाताखालची वस्तूसुद्धा इतिहास असते, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवलं.

तरीही संग्रहालय म्हटलं की एक अडचण येतेच. वस्तूखाली पाटी असते. पाटीवर वस्तूचं नाव, प्रदेश आणि शतक. ती कोणाची होती हे तिथपर्यंत पोचलेलंच नसतं. वस्तू घरातून बाहेर पडली त्याच दिवशी ते नाव मागे राहिलेलं असतं.

आता आमच्या पूर्णेकडे येते. पूर्णा हे परभणी जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव. गावाला नाव नदीचं, पण गाव वाढलं ते रेल्वेमुळे. १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड ही निजामाच्या मुलखातली मीटरगेज लाइन झाली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा गेला आणि पूर्णा जंक्शन झालं. इंजिनांची शेड आली, क्वार्टर्स आल्या. कोण तेलुगू, कोण तमिळ, कोण उत्तरेकडचा, कोण आपल्याच खेड्यातला. या क्वार्टर्समध्ये नव्या नवऱ्या आल्या त्या गाडीने आल्या. बरोबर पितळी भांड्यांचं पोतं, एक पत्र्याची ट्रंक, आणि ज्यांच्या माहेरी परवडलं त्यांच्या मांडीवर अशी एक पेटी. ती सामानात टाकायची नसे. मांडीवरच धरायची.

आमच्या घरातली पेटी अशीच बसमतकडून आलेली. बसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. घर आवरताना ती पेटी मिळाली तेव्हा सोनं तिच्यात नव्हतंच. जे होतं ते सांगते. सराफ दागिना गुंडाळून देतात तो गुलाबी कागद, विटून पांढरा झालेला. एक सुटा मोती. निजामाच्या हाली सिक्क्यातली काही नाणी. आणि घडीवर फाटायला आलेली मोडीतली एक चिठ्ठी. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींकडून ती वाचून घेतली. सराफाची चिठ्ठी निघाली. एक जोड पाटल्या, एक बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ, प्रत्येकाचं वजन तोळे, मासे, गुंजा अशा तिन्ही मापांत लिहिलेलं. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे तोळा. एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. म्हणजे सोन्याचा हिशेब तोळ्याच्या शहाण्णवाव्या भागापर्यंत झाला होता. नाव मात्र चिठ्ठीवर होतं ते सासऱ्यांचं. जिच्या अंगावर ते दागिने जाणार होते, जिच्या कमरेला किल्ली होती, तिचा उल्लेख ‘सूनबाई’ एवढाच.

माझी एक आत्या तेव्हा नव्वदीच्या घरात होती. तिला विचारलं, “आत्या, तुमच्या आजीचं नाव काय होतं?”

“आम्ही मोठीआई म्हणायचो की गं.”

“ते झालं. पण खरं नाव?”

“काय की बाई. सासरचं एक होतं, माहेरचं एक होतं. आजोबा तर ‘अगं’ म्हणायचे. नाव घ्यायला होतंच कोण?”

श्रोतेहो, आत्याचं हे शेवटचं वाक्य मी पुष्कळ दिवस डोक्यात घेऊन फिरले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि जुनं नाव माहेरी ठेवून यायचं. माहेरची माणसं थकली की ते जुनं नाव घेणारं कोणी उरत नाही. सासरी नवं नाव घ्यायचं नाही. मग मुलांची आई, नातवांची मोठीआई. घरातल्या वंशावळीच्या कागदावर सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बाई एकही नाही. झाडाला फांद्या आहेत, पण त्या फुटल्या कशा ते झाड सांगत नाही.

आता त्या चिठ्ठीतल्या दागिन्यांबद्दल थोडं. पुतळ्यांची माळ आपण अस्सल मराठी मानतो, आणि ती आहेही. पण ती पुतळी म्हणजे मुळात व्हेनिस या इटलीतल्या शहराचं सोन्याचं नाणं. त्यावर तिथल्या राज्यप्रमुखाची संतापुढे गुडघे टेकलेली आकृती असे. हे नाणं अरबी समुद्रातल्या व्यापाराबरोबर आपल्याकडे आलं. शुद्ध सोनं म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. त्यावरची माणसं आपल्या बायकांना बाहुल्यांसारखी दिसली, म्हणून ती पुतळी. पुढे आपले सोनार तसेच ठसे करून पुतळ्या घडवू लागले. बसमतच्या एका सुनेच्या गळ्यात व्हेनिसचं नाणं कसं पोचलं याचा प्रवास एवढा लांबचा आहे.

हाली सिक्काही आता सांगावा लागतो. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, चारमिनारचं चित्र असलेलं. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. संस्थान भारतात आलं आणि १९५० नंतरच्या दशकात हा सिक्का चलनातून गेला. ज्यांनी रोख जपली होती त्यांची रोख गेली. ज्यांनी सोनं ठेवलं होतं त्यांचं सोनं राहिलं. बायका दागिन्याच्या मागे असतात असं म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्या बाईच्या नावावर शेत नाही, घर नाही, बँकेत खातं नाही, तिच्यापाशी असलेली एकुलती एक ठेव म्हणजे ही पेटी होती. तिच्या किल्लीला कमरेला जागा होती याचं कारण तेच.

पण ती ठेव खरोखर तिची होती का? खरी गोष्ट इथे आहे.

आपल्या धर्मशास्त्रात स्त्रीधन हा शब्द फार जुना. लग्नात, माहेरून, भावाकडून, नवऱ्याकडून प्रेमाने मिळालेलं ते स्त्रीधन. याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या दरबारचे. त्यांचं कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. ते बिदर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात आपल्या शेजारीच. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी या पंडिताने स्त्रीधनाचा अर्थ बराच व्यापक केला. वारशाने मिळालेलं, विकत घेतलेलं, वाटणीत आलेलं तेही त्यांनी स्त्रीधनात धरलं. आणि ते तिच्यामागे आधी मुलींकडे जावं असं सांगितलं. पुढे इंग्रजी अमदानीतल्या न्यायनिवाड्यांनी हा अर्थ बराच आवळला. घरातल्या रीतीने तर त्याआधीच आवळला होता. अडचण आली की पहिलं कुलूप उघडत असे ते हिच्या पेटीचं.

तीन उदाहरणं सांगते. तिन्ही आपल्या माहितीतली, पण पेटीच्या बाजूने आपण ती पाहिलेली नाहीत.

पहिलं १९०१ सालचं. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून भारतात परत निघाले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना सोन्यारुप्याच्या, हिऱ्यांच्या भेटी दिल्या. कस्तुरबांना पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार दिला. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सार्वजनिक सेवेची भेट घरात ठेवायची नाही असं त्यांनी ठरवलं. आधी मुलांना पटवलं आणि मग कस्तुरबांकडे गेले. कस्तुरबांनी सहज होकार दिला नाही. उद्या सुना येतील, त्यांना काय घालू, असं त्यांनी विचारलं. आणि मग मुद्द्याचा प्रश्न केला की, हार मला मिळाला आहे, तो तुम्ही कोणत्या अधिकाराने परत करता? तुमची सेवा ती माझी सेवा नव्हती का? हा सगळा वाद गांधीजींनी स्वतःच आत्मचरित्रात प्रामाणिकपणे लिहून ठेवला आहे. शेवटी दागिन्यांचा सार्वजनिक निधी झाला आणि ते योग्यच झालं असं त्यांनी मानलं. पण कस्तुरबांचा प्रश्न चुकीचा होता असं आज कोणाला म्हणता येईल?

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. भारतीय चित्रपटाचा इतिहास तिथून मोजतात. त्या चित्रपटाला भांडवल कमी पडलं तेव्हा सरस्वतीबाई फाळक्यांनी आपले दागिने दिले. ते गहाण पडले. शिवाय कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला भोकं पाडायचं आणि ती धुवायचं काम त्या शिकल्या. पडद्यावर नाव आलं नाही. भारतीय सिनेमाच्या पहिल्या भांडवलदारांत एक पेटी होती असं म्हटलं तर ते अलंकारिक बोलणं नव्हे, हिशेबाची नोंद आहे.

तिसरं उदाहरण लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचं. कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव दिलं. माहेरच्या संपन्न घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून या मुलांच्या जेवणासाठी गेले. शेवटी धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रही गेलं. नवऱ्याच्या जिवंतपणी मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे त्या काळाच्या बाईलाच कळेल. आणि मुलं कोणाची, तर सगळ्या जातींची, एका पंगतीत जेवणारी. १९३० साली त्या गेल्या. सोलापूरच्या एका महिला महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, हे बरं झालं.

या तिघींनी दिलं ते मोठ्या कामाला दिलं, म्हणून आपल्याला कळलं. बाकी हजारो पेट्या रिकाम्या झाल्या त्या दिराच्या शिक्षणासाठी, नणंदेच्या लग्नासाठी, विहिरीच्या खोदाईसाठी, सावकाराच्या व्याजासाठी. कोणी मोठ्या मनाने दिलं, कोणाकडून मागून घेतलं, कोणाकडून न मागताच घेतलं. दिलेलं आणि घेतलेलं यांतला फरक पेटी सांगत नाही. तो मालकिणीलाच माहीत.

मराठवाड्यात या पेट्यांवर आणखी एक वेळ आली. १९४७-४८ साली रझाकारांच्या धास्तीने कितीतरी कुटुंबं संस्थानाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. निघताना बायकांनी दागिने कुठे लपवले याच्या गोष्टी जुन्या माणसांकडून ऐकाव्यात. धान्याच्या कणगीत, जमिनीखालच्या पेवात, उतरंडीच्या तळच्या मडक्यात, चुलीखाली. पेटी मोठी, ती डोळ्यांवर येते, म्हणून सोनं काढून घेतलं आणि पेटी रिकामी घरात ठेवली. परत आल्यावर काहींना घर मिळालं, काहींना नुसत्या भिंती. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला संस्थान भारतात आलं. आपण दर वर्षी तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो.

त्या दिवसानंतरच्या आठवड्यांत काय झालं हेही सांगायला हवं. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस फिरून अहवाल दिला, आणि तो कित्येक दशकं बंद राहिला. त्याही घरांतून पेट्या होत्या. त्याही कोणाच्या तरी आईने लेकीला दिलेल्या होत्या. तेव्हा बाजारात कवडीमोलाने आलेल्या वस्तूंत कुठली कोणाची हे आता सांगता येणार नाही. म्हणून आपल्या भागात एखादी सुरेख जुनी पेटी दिसली आणि ती ‘कुठून तरी आली’ असं कोणी म्हणालं, तर त्या ‘कुठून तरी’मध्ये एखादं उठलेलं घर असू शकतं, एवढं भान असावं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. सोनं ज्यांच्याकडे होतं त्यांचं सोनं गेलं. नव्हतं त्यांच्या पायांतले वाळे, दंडातल्या वाक्या, गळ्यातली चांदीची सरी गेली. खडी फोडायला गेलेल्या बाईच्या अंगावर मण्यांच्या पोतीशिवाय काही राहिलं नाही. चांदी वितळवताना तिच्यावरचं नक्षीकाम आधी जातं, घालणारीची ओळख त्याच्या बरोबर जाते.

पेटीचं काम पुढे दुसऱ्यांनी घेतलं. गोदरेजची पोलादी कपाटं १९२३ पासून निघू लागली होती. गावोगाव पोचायला त्यांना वेळ लागला, पण पोचली. कपाटाची चावी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात जाऊ लागली. नंतर बँकेचे लॉकर आले. लाकडी पेटीत बटणं, रिळं, औषधाच्या पुड्या आणि रेशनकार्डं राहू लागली.

दरम्यान कायदा पुढे गेला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिची पूर्ण मालकीची ठरवली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की, लग्न झालं म्हणून स्त्रीधन सामाईक होत नाही. सासरच्या माणसांकडे ते ठेवायला दिलं असेल तर ते फक्त सांभाळणारे आहेत. मागितल्यावर परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. २०२४ मध्येही त्याच न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच पुन्हा बजावलं. अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. म्हणजे कस्तुरबांनी विचारलेल्या प्रश्नाच्या बाजूने आज देशाचं सर्वात मोठं न्यायालय उभं आहे.

आपल्याकडे १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन चालवलं. नवऱ्यांनी आपणहून शेताचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ‘कारभारीण’ म्हणवून घेणारीचं नाव सातबारावर पहिल्यांदा चढलं ते अशा गावांत. आणि १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदांत आधी आईचं नाव, मग वडिलांचं लागतं. पुढच्या पिढ्यांना मूळ मालकीण शोधत फिरावं लागणार नाही, अशी आशा धरायला हरकत नाही.

पण मागच्या पिढ्यांचं काय? हे आपल्यालाच करायचं आहे, आणि लवकर करायचं आहे. कारण दोन्ही बाजूंनी घाई आहे. एकीकडे आत्यासारखी माणसं कमी होत चालली. दुसरीकडे जुन्या वस्तू घेणारे दारोदार फिरतात. आमच्या दारातही एक जण आला होता. पेटी उलटी करून तळ बघितला, म्हणजे त्याला कळत होतं. किंमत बरी सांगितली आणि वर म्हणाला, “बाई, हिला काही गोष्ट आहे का? गोष्ट असली की गिऱ्हाईक जास्त देतं. नसली तरी चालेल, आम्ही लावतो.” शहरातल्या दुकानात ही पेटी ‘पेशवेकालीन’ झाली असती, नाही तर ‘निजामाच्या बेगमेची’. निजामाच्या दागिन्यांचं मोल काही वेगळंच. भारत सरकारने १९९५ साली ते २१८ कोटी रुपयांना घेतले. त्या नावाची सावली पडली तरी पेटीचा भाव वाढतो. खऱ्या मालकिणीचं नाव आपण लिहून ठेवलं नाही, तर बाजार तिथे एखादी बेगम बसवतो.

जाता जाता कायद्याचीही एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकायला नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट पाठवायच्या आधी हे लक्षात असू द्या.

नाव शोधायचं कसं, तर मला उपयोगी पडलेल्या वाटा सांगते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी विचारावं, आणि तिच्या नणंदांना, जावांना विचारावं. सासरची माणसं विसरतात, माहेरकडच्यांना आठवतं. म्हणून तिच्या माहेरच्या गावी जावं. नाशिक, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या नोंदी असतात, त्यांत कधीकधी बायकांचीही नावं सापडतात. जुन्या लग्नपत्रिका, सातबाराच्या इतर हक्कातल्या नोंदी, भांड्यांवर कोरलेली नावं बघावीत. पितळेच्या घागरीवर नाव घालायची आपल्याकडे पद्धत होती, आणि पुष्कळदा ते बाईचं असे. आणि पूर्णेसारख्या गावात एक वाट जास्तीची आहे. रेल्वेत नोकरी असली की पाससाठी कुटुंबाची माहिती लिहून द्यावी लागे. घरात ज्यांनी कधी बायकोचं नाव उच्चारलं नाही, त्यांनी तिला तीर्थाला न्यायचं म्हणून ते साहेबापुढच्या कागदावर लिहून दिलं.

आमच्या मोठीआईचं सासरचं नाव असंच एका जुन्या कागदावर मिळालं. माहेरचं नाव बसमतकडच्या एका घरात, पंचाऐंशी वर्षांच्या एका वहिनींनी सांगितलं. त्यांना का आठवलं, तर त्यांच्या सासूबाई आपल्या या नणंदेची आठवण काढताना माहेरच्याच नावाने काढत. ती नावं इथे सांगत नाही. घरच्या माणसांची नावं रेडिओवरून सांगायची नसतात असं मोठीआईच म्हणाली असती. पण दोन्ही नावं, दोन्ही गावं आणि त्या तीन दागिन्यांची यादी गुंजेपर्यंतच्या वजनासह एका जाड कागदावर लिहून पेटीत ठेवली आहे. मोडीतली मूळ चिठ्ठी त्याच्याखाली.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर एवढंच करा. तेलपॉलिश नंतर करा. ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात ठेवू नका, कीड लागली असेल तर कडुनिंबाचा पाला सुकवून ठेवा, हे सगळं नंतर. आधी एक कागद घ्या. पेटी कोणाची, तिचं माहेर कोणतं, ती कधी आणि कोणाबरोबर या घरात आली, आतलं सोनं कशाला गेलं, हे जेवढं ठाऊक असेल तेवढं लिहा आणि आत ठेवा. शाई नको, पेन्सिलीने लिहा, ओल लागली तरी पेन्सिल पसरत नाही. आणि आजच्या घरातलं स्त्रीधन लॉकरमध्ये असेल, तर त्याची यादीही जिची आहे तिच्या नावाने, तिच्या सहीने आजच करून ठेवा.